निवृत्तीनंतरची बदली

गेल्या महिन्यात सोसायटीची जनरल मीटिंग होती. नेहमीचंच सगळं, लिफ्टचं मेंटेनन्स, टँकरचं बिल, पार्किंगमध्ये कोण कोणाची जागा खातंय, आणि मागच्या खुर्च्यांवर मोबाईल बघत बसलेले आम्ही. पाचवा विषय होता 'तळमजल्यावरील रिकामी खोली अंगणवाडीस देणेबाबत आलेला अर्ज'. ही खोली म्हणजे एक पाय गेलेलं टेबल टेनिसचं टेबल, गणपतीचं मखर, रंगाचे रिकामे डबे आणि बारा महिने ओलीचा वास. तिला रस्त्याच्या बाजूने वेगळं दार आहे म्हणून मागच्या वस्तीतल्या सेविकाताईंनी अर्ज केला होता, त्यांची सध्याची भाड्याची खोली पत्र्याची, उन्हाळ्यात तापते आणि पावसात गळते. त्या स्वतः आल्या होत्या. मांडीवर रजिस्टरांची पिशवी धरून पाचवा विषय येईपर्यंत तशाच बसून राहिल्या, कोणी चहा विचारला तर नको म्हणाल्या.

चर्चा सुरू झाली तसं 'काम चांगलंच आहे हो, आपला विरोध नाहीच' असं जवळजवळ प्रत्येकाने आधी म्हणून घेतलं आणि मग सिक्युरिटी, पाण्याचा वापर, फ्लॅटचे रेट, उद्या त्यांनी खोली सोडलीच नाही तर काय, इथपासून सरकार कशाकशाचा खर्च करणार, आधीच सगळं फुकट वाटतायत, आमच्या टॅक्सचं काय, इथपर्यंत गाडी गेली. हे होणार हे माहीतच होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी, आयटीत आहे, बाळ सव्वा वर्षाचं असेल, तिने हात वर केला आणि विचारलं, 'यात आमची मुलं पण घेणार का?'

लोक हसले.

हसण्यात कुजकेपणा नव्हता, दिवसभराच्या कंटाळ्यावर कोणीतरी बरा जोक मारला असं ते हसणं होतं. सेविकाताईसुद्धा हसल्या, 'मॅडम, तुमची मुलं कशाला येतायत आमच्याकडं,' आणि मग तिचा चेहरा बघून बहुतेक जरा सावरल्या. म्हणाल्या, 'तीनच्या आतलं बाळ आम्ही बसवून घेत नाही हो, त्याला घरी न्यायचं आहाराचं पाकीट असतं. आणि दुपारी बंदच होतं आमचं.' मुलगी 'ओके ओके' म्हणून खाली बसली. विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि आम्ही सहाव्या विषयावर गेलो, जो सीसीटीव्हीचा होता आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

मला मात्र ते हसणं काही केल्या डोक्यातून जाईना. तिने शासकीय हॉस्पिटलात लस मोफत मिळते का विचारलं असतं तर कोणी हसलं नसतं, मागच्या वर्षी आमच्यातल्याच निम्म्या बायका अर्ध्या तिकिटात एसटीने कोल्हापूरला जाऊन आल्या आणि आल्यावर जाहीर सांगत होत्या किती वाचले ते. मग सरकारने मूल सांभाळावं हे ऐकून हसू का येतं? आणि ते वस्तीतल्या मुलासाठी असलं तर हसू येत नाही, तेव्हा ते 'चांगलं काम' असतं. आपल्या मुलासाठी मागितलं की जोक होतो.

हिशोब करून बघितला तर जोक नाहीये. 2017 मध्ये कायदा बदलला आणि बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे झाली, म्हणजे सहा महिने. अंगणवाडीत मूल बसायला लागतं तिसऱ्या वर्षी. मधली अडीच वर्षं? ती कोणाच्या नावावर आहेत? सरकारी योजनांच्या भाषेत त्या वयाच्या मुलाला वजन आहे, उंची आहे, लसीकरण आहे, पाकीट आहे, फक्त सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ते कुठे असतं याचं उत्तर नाही. ही अडीच वर्षं प्रत्येक घर आपापलं गुपचूप निस्तरतं, कोणी पाळणाघराला महिन्याचे दहा-बारा हजार मोजून, कोणी नोकरी सोडून ('ब्रेक घेतलाय' म्हणतात, त्या ब्रेकमधून परत आलेल्या किती जणी तुमच्या ओळखीच्या आहेत मोजा), आणि बहुतेक जण आईला गावाहून बोलावून घेऊन.

आमच्याकडे आई आली. माझी आई सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, उभी हयात बदल्यांमध्ये गेली, आणि रिटायर झाल्यावर शेवटची बदली पुण्याला झाली असं ती स्वतःच सगळ्यांना सांगते. ही बदली मात्र तिला मागून मिळालेली नाही आणि रद्द करून घ्यायला पंचायत समितीत कोणी ओळखीचंही नाही. लेक माझी आता पाच वर्षांची आहे, धाकटा दीड, म्हणजे मुक्काम अजून बराच आहे.

मी लहान असताना आईनेही हेच सगळं केलं होतं, उलट्या बाजूने. तिची शाळा ज्या गावात, त्या गावात आजी येऊ शकत नव्हती कारण आजीला रान होतं. मग मी शाळेशेजारच्या अंगणवाडीत. नियमात बसत नव्हतं बहुतेक, पण बाईंची पोर म्हणून कोणी विचारलं नाही. मला त्या खोलीचा वास अजून येतो, शेणाने सारवलेली जमीन, भिजलेल्या पाटीचा वास, आणि अकराच्या सुमाराला सुकडीचा. कोमट, भाजलेल्या पिठाचा गोडसर वास, टाळ्याला चिकटणारी ती सुकडी. तुळईला टांगलेला काटा होता, त्याला कापडी झोळी, त्यात बसवून वजन करायचे, आणि ती झोळी हलली की बाकीची पोरं टाळ्या वाजवायची. जिने आम्हाला सांभाळलं तिला आम्ही ताई म्हणायचो, ती स्वतः जेमतेम विशीची असेल, आणि तिचं तान्हं तिथंच कोपऱ्यात फडक्यावर झोपलेलं असायचं. म्हणजे बघा, त्या खोलीत ज्या एका बाईला आपलं तान्हं मूल कामावर आणता येत होतं, ती पोरं सांभाळणारीच होती.

आजीची गोष्ट त्याच्याही आधीची. 1972 च्या दुष्काळात ती बंडिंगच्या कामावर खडी फोडायला जायची, माझा मामा तेव्हा अंगावर पिणारा. कामावर एक म्हातारी लावलेली होती, तिच्याकडून खडी फुटत नव्हती म्हणून तिला लिंबाखाली पोरं राखायला बसवलेलं, हजेरी सगळ्यांसारखीच. दुपारी सुकडी यायची. आजीला त्या दुष्काळातलं काय काय आठवायचं, पाणी, रेशनची मिलो ज्वारी, मेलेली जनावरं, पण त्या म्हातारीबद्दल बोलताना ती वेगळीच हळवी व्हायची, म्हणायची, 'रडलं तर हाक मारायची, न्हाईतर बघायचं काम न्हवतं.' पुढे 2005 च्या देशभरच्या रोजगार हमीच्या कायद्यात ही म्हातारी लिहिली गेली. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली की एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. कागदावर होतं. आमच्या भागातल्या किती कामांवर तशी बाई बसलेली दिसली, हे ज्यांनी कामं बघितलीत त्यांना विचारा.

आणि जिथे कागदही पोचत नाही तिथे ऊसतोड. आमच्याकडे दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या यायच्या, कारखान्याच्या रस्त्याला खोपटांची रांग. नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे बाई घरी राहिली की कोयता अर्धा झाला, मग बाळंतीणसुद्धा फडात. पाचटाच्या कडेला झोळी, आणि झोळीची दोरी धरून सात-आठ वर्षांची पोरगी. मी तिच्याच वयाची, शाळेचा युनिफॉर्म घालून त्या रस्त्याने जायचे. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे, आणि तिचा हात दोरी हलवतच असायचा. तेव्हा मला वाटायचं तिला सुट्टी आहे.

ही दोरीवाली पोरगी आपल्याकडे कोणाला दिसलीच नाही असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आदिवासी मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर भावंडं आहेत. मुलींना शाळेचं महत्त्व पटवत बसण्यापेक्षा त्यांनी कडेवरच्या भावंडाची सोय केली, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी ही अडचण आईच्या प्रेमाची, संस्काराची वगैरे केली नाही. पोर कुठे ठेवायचं एवढाच प्रश्न होता, तेवढाच सोडवला.

त्याच्याही आधी, 28 जुलै 1928 ला, मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांना बाळंतपणाची भरपाई द्यायच्या बिलावर चर्चा झाली होती. विरोधातले मुद्दे आजही आमच्या मीटिंगमध्ये शोभतील असे होते, खर्च कोण करणार, मालक बायकांना कामावर घेणं बंद करतील. डॉ. आंबेडकर बिलाच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, मालकाला तिच्या कामाचा फायदा होतो म्हणून त्याने काही भार उचलावा हे ठीक, पण लोकांचं कल्याण हे मुख्यतः सरकारचं काम आहे तेव्हा खर्चाचा भार सरकारनेही घ्यावा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. पुढच्या वर्षी कायदा झाला, पण त्यात पैसे मालकानेच द्यायचे ठरलं. आता शंभरेक वर्षं होत आली आणि आपण तिथेच आहोत. 2017 च्या कायद्यातही 26 आठवड्यांचा पगार कंपनीचा, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर कंपनीचं, सरकारचं त्यात कायदा करण्यापलीकडे काही नाही.

त्याचं पुढे काय होतं ते मी ऑफिसात बघितलंय. मी आधी जिथे होते तिथे कायद्यापुरतं पाळणाघर निघालं, भिंतीवर जिराफ, खाली रबरी फरशी, एसी. आत मूल मात्र मी कधी बघितलं नाही, कारण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास बाळ घेऊन कोण येणार, आणि बसमधून तर नाहीच. आणि इंटरव्ह्यूला लग्न झालेली, मूल नसलेली मुलगी आली की तिच्या मागे बोलली जाणारी वाक्यं बदलली. कोणी काही चुकीचं करत नाही, फक्त 'जरा बघू' म्हणतात. खर्च एकाच्या खिशातून काढायचा ठरवला की तो खिसा सांभाळायला शिकतो, त्यात मला त्यांचाही फार राग येत नाही.

सरकारचं पाळणाघर मुळी नव्हतंच असंही नाही हं. 2006 पासून नोकरदार आणि मजूर आयांच्या मुलांसाठी केंद्राची पाळणाघर योजना होती, दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना 20 रुपये, सगळ्यात वरच्या गटाला 200. वीस हजारांच्या वर पाळणाघरं होती देशात, 2020 पर्यंत सहा-साडेसहा हजारांवर आली. मध्ये पैशांच्या वाटपाचं सूत्र बदललं, राज्यांनी आपला वाटा उचलायचा होता, संस्थांनी आपला. हजारो पाळणाघरं बंद पडली आणि त्यावर टीव्हीवर एक डिबेट झालेली मला आठवत नाही. आता 'पाळणा' नावाने नवी योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, देशात 17,000 करायची म्हणतात, सहा महिन्यांपासूनची मुलं घेणार, साडेसात तास उघडं. वाचायला फार छान आहे. आमच्या ग्रुपवर मी हे टाकलं तर दोन अंगठे आले आणि त्यानंतर कोणीतरी गुड मॉर्निंग टाकलं.

उलट 2024 मध्ये लाडकी बहीण आली तेव्हा बघा. महिना 1500 रुपये, त्यावर घरोघरी मत होतं, बाजूने, विरोधात, तावातावाने, रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत. पैसे दिसतात. खात्यात मेसेज येतो, टिंग वाजतं. मी त्या पैशांच्या विरोधात नाही, आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या हप्त्यात नातवाचं दप्तर आणि स्वतःचा चष्मा केला, त्यांच्या हातात आपलं म्हणून काहीतरी आलं ते मी बघितलंय. पण त्यांच्याच सुनेने बाळ झाल्यावर पॅकिंगचं काम सोडलं, महिन्याचे नऊ हजार गेले, कारण बाळाला बघायला मावशी आणि मावशी तर आमच्याकडे पोळ्या लाटतायत. पंधराशे आले, नऊ हजार गेले. त्या बाईला पैसे हवे की पाळणा हवा, हे तिला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिने पैसेच म्हटलं असतं असं मला वाटतं, कारण पैसे मिळतात हे तिने बघितलंय, पाळणा मिळालेला तिने कुठे बघितलाय?

गंमत म्हणजे त्या योजनेचे फॉर्म गावोगाव भरले अंगणवाडी सेविकांनीच, एका फॉर्मला 50 रुपये ठरले होते. त्याच सेविका त्याच्या साधारण सहा महिने आधी, डिसेंबर 2023 पासून जानेवारीच्या शेवटापर्यंत, संपावर होत्या, मानधन वाढवा, पेन्शन द्या, ग्रॅच्युइटी द्या म्हणून. ग्रॅच्युइटीचा निकाल तर सुप्रीम कोर्टाने 2022 मध्येच दिला होता. त्या वेळी त्यांचं मानधन 10,000, मदतनिसांचं 5,500, पगार म्हणायचं नाही, मानधन. पुढे वाढलं थोडं. जवळजवळ दोन महिने राज्यातल्या अंगणवाड्या ठप्प होत्या आणि आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. कामवाल्या मावशी एक आठवडा आल्या नाहीत तर काय होतं ते माहितीये ना? एसटीचा संप झाला तेव्हा सगळं राज्य बोलत होतं. अंगणवाडीचं कोणी बोललं नाही कारण बोलणाऱ्यांची मुलं तिथे नव्हती.

माझी तरी कुठे आहेत? हा प्रश्न मी स्वतःला टाळत आले नाही, पण उत्तर सरळ येत नाही. त्या ओलीच्या खोलीत अंगणवाडी सुरू झाली तर मी धाकट्याला, तीनचा झाल्यावर, तिथे पाठवेन का? मनात आधी येतं ते 'नाही'. मग मी कारणं शोधते, जागा, टॉयलेट, इंग्लिश, आणि ती सगळी खरी आहेत, तरीही कारणांच्या खाली आणखी काहीतरी आहे जे मला नीट सांगता येत नाही, स्वतः सुकडी खाऊन वाढूनसुद्धा. माझी मावसबहीण टोरांटोजवळ असते. तिकडे कॅनडात 2021 मध्ये त्यांच्या सरकारने दिवसाला दहा डॉलरमध्ये पाळणाघर असं जाहीर केलं, तिथल्या क्युबेक प्रांतात तर 1997 पासून पाच डॉलरवर सुरू होतं. ती आणि तिचा नवरा चांगले कमावतात, तरी तिच्या लेकीचं नाव त्याच यादीत, शेजारच्या ट्रक ड्रायव्हरच्या मुलाशेजारी. ती रोज त्याबद्दल तक्रार करते, वेटिंग लिस्ट संपत नाही, स्टाफ मिळत नाही, टॅक्स किती कापतात. तिची तक्रार ऐकताना मला हेवा वाटतो. आपल्याला तक्रार करायलासुद्धा आधी त्या यादीत नाव असावं लागतं. (आणि हो, वेटिंग लिस्ट पुढे सरकेपर्यंत माझी मावशी व्हिसा काढून तिकडे गेलीच, म्हणजे आजी तिथेही सुटली नाही.)

आमच्या इथल्या बागेत संध्याकाळी पाच ते सात या आज्यांचं संमेलन असतं. जत, उदगीर, परतवाडा, खेड, कुठून कुठून आलेल्या. प्रत्येकीच्या एका हातात पाण्याची बाटली, एका हातात नातवंड, आणि तोंडात आपापल्या गावची भाषा, गुडघ्यांची, शुगरची, तिकडे कुलूप लावून आलेल्या घराची. कोणाचे मिस्टर गावीच आहेत, एकटे, डबा लावलाय. ह्या बायका कुठल्याही खर्चात नाहीत, कुठल्याही रकान्यात नाहीत, आणि पुण्यातल्या निम्म्या आयटी पार्कला सकाळी वेळेवर लॉगिन त्यांच्यामुळे होतं. मत विचाराल तर त्या म्हणतील, 'आपलंच नातवंड, त्यात काय.' त्यांना ते मनापासून वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी आई मला म्हणते की तिच्या मैत्रिणींची अष्टविनायकाची ट्रिप ठरलीये, मी काही जात नाही, असू दे. असू दे म्हणताना ती कधीच माझ्याकडे बघत नाही.

परवा मी आईला मीटिंगचं सांगितलं, ती मुलगी, ते हसणं, सगळं. तिने ते संध्याकाळी बागेत नेलं. तिथे म्हणे यावर जोरदार चर्चा झाली. एकीचं म्हणणं सरकारी बाया पोरांना नीट बघणार नाहीत. दुसरी म्हणाली, मी चाळीस वर्षं सरकारी बाईच होते, मी बघत नाही का? तिसरीने मुद्द्यालाच हात घातला, पाळणाघर राहू द्या, आपण दिवसाचे दहा तास करतो तर आपल्यालाच द्या म्हणावं ते पंधराशे. मग कोणीतरी आठवण करून दिली की त्या योजनेत वय 65 पर्यंतच आहे, आणि त्यांच्यातल्या बहुतेक जणी त्याच्या वर.

'म्हणजे पासष्टपर्यंत बहीण,' आई सांगत होती, धाकट्याला भरवता भरवता, 'आणि पुढं?' तेवढ्यात त्याने वरणभाताचा घास माझ्या लॅपटॉपवर थुंकला आणि मला सव्वानऊच्या कॉलवर जायचं होतं, तर ती म्हणाली जा तू, मी पुसते.